सरकारी सेवेतील कीटकशास्त्रज्ञ : अभ्यास, भरती आणि शिवारातले काम

कीटकशास्त्रज्ञ म्हणजे कीटकनाशकांची शिफारस करणारा अधिकारी, अशी समजूत कृषी महाविद्यालयांतही सर्रास आढळते. प्रत्यक्षात सरकारी सेवेतील कीटकशास्त्रज्ञाच्या कामाचा गाभा कीड अचूक ओळखणे, तिची मोजणी करणे आणि त्या मोजणीवरून कोणता उपाय केव्हा करावा, किंवा मुळीच करू नये, हे ठरवणे हा आहे. ज्या विद्यार्थ्याला औषधांची नावे आणि त्यांचे प्रमाण पाठ करण्यात रस आहे, पण अळी भिंगाखाली धरून तासभर न्याहाळण्याचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. उलट कीटकांकडे मुळातूनच ओढा असणाऱ्याला या क्षेत्रात स्थिर नोकरी, संशोधनाची संधी आणि शेतीला थेट उपयोगी पडण्याचे समाधान या तिन्ही गोष्टी मिळू शकतात, मात्र त्यासाठी भरतीची वाट आणि कामाचे खरे स्वरूप दोन्ही आधी नीट समजून घ्यावे लागते.

भारतात या पदाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. १९०१ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इंपीरियल एंटोमॉलॉजिस्ट’ म्हणजे केंद्रीय कीटकशास्त्रज्ञ हे पद निर्माण केले, १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि तेथे काम करणाऱ्या हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये भारतीय पिकांवरील किडींवर आणि १९०९ मध्ये एकूण भारतीय कीटकसृष्टीवर जे ग्रंथ लिहिले, त्यांचा दाखला अजूनही दिला जातो. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड कायदा, १९३९ मध्ये सुरू झालेली टोळधाड इशारा यंत्रणा आणि १९४६ मध्ये स्थापन झालेले वनस्पती संरक्षण संचालनालय हे त्यापुढचे टप्पे होत. १९३४ च्या भूकंपानंतर पुसाची संस्था दिल्लीला हलली, मात्र ‘पुसा’ हे नाव तेच राहिले, आणि तिथला राष्ट्रीय कीटक संग्रह आजही देशभरातून आलेले नमुने ओळखण्याचे काम करतो.

या कामात भुंगेऱ्यांचे स्थान मोठे आहे. पुढचे पंख कठीण होऊन त्यांचे कवच बनलेल्या, आणि त्या कवचाखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवणाऱ्या कीटकांच्या गणाला शास्त्रीय भाषेत कोलिऑप्टेरा म्हणतात; जगभरात या गणातील सुमारे ४ लाख जातींचे वर्णन झाले असून प्राण्यांचा दुसरा कोणताही गण संख्येने त्याच्या जवळपास येत नाही. साठवणीतील गव्हाला लागणारा सोंड्या, नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा, आंब्याच्या व द्राक्षाच्या खोडात शिरणारा खोडकिडा, मध्य भारतातील सालवृक्षांची जंगले वाळवणारा साल-बोरर आणि उसाची मुळे खाणारी हुमणी हे सारे भुंगेरेच आहेत. आणि मावा फस्त करणारा, शेतकऱ्याचा मित्र म्हणून गणला जाणारा ढालकिडाही त्याच गणातला आहे. त्यामुळे ‘भुंगेरा दिसला, मारा’ हा सल्ला शास्त्र नव्हे.

कामाचे स्वरूप समजण्यासाठी हुमणीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. महाराष्ट्रात ऊस, भुईमूग, सोयाबीन, ज्वारी अशा अनेक पिकांची मुळे खाऊन रोपे वाळवणारी ही पांढरी, अर्धगोल वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी शेतकऱ्याला एकाच नावाने ठाऊक असते, पण त्या एका नावामागे अनेक जाती असतात. कोरडवाहू आणि हलक्या जमिनीच्या भागात होलोट्रायकिया सेरॅटा ही ‘माळावरची हुमणी’ आढळते, तर कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठच्या उसात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही ‘नदीकाठची हुमणी’ उपद्रव करते. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी अंधार पडताच जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. माद्या मातीत अंडी घालतात. अळी तीन अवस्थांतून वाढते आणि तिसरी अवस्था, जी साधारण ऑगस्टपासून पुढे शेतात असते, ती सर्वांत खादाड असते. त्यानंतर मातीतच कोष तयार होतो आणि कोषातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी असल्यामुळे हे वेळापत्रक चुकले की वर्ष हातचे जाते.

शेतकरी मदत मागायला येतो तो बहुधा सप्टेंबरमध्ये, जेव्हा उसाचे बेट हाताने सहज उपटून येऊ लागते. त्या वेळी अळी मोठी झालेली असते, मातीत खोल असते आणि कोणतेही औषध तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. कीटकशास्त्रज्ञाचे खरे काम त्यापूर्वी तीन महिने, मे-जूनमधील त्या मोजक्या संध्याकाळी असते : पहिल्या पावसानंतर कडुनिंबाखाली उभे राहून भुंगेरे बाहेर पडण्याची वेळ व संख्या नोंदवणे, प्रकाश सापळे लावणे, फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याची मोहीम एकाच गावात नव्हे तर आसपासच्या सर्व गावांत एकाच वेळी घडवून आणणे. एका शेतकऱ्याने एकट्याने हे केले तर शेजारच्या रानातले भुंगेरे त्याच्या शेतात अंडी घालतातच. झाडांवर खायला येण्याची सवय सर्व जातींत सारखी नसते, म्हणून एका जिल्ह्यात यशस्वी झालेली मोहीम दुसऱ्या जिल्ह्यात जशीच्या तशी राबवून भागत नाही, आणि येथेच जात ओळखण्याला महत्त्व येते. पुढे अळ्यांसाठी मेटारायझियम या परोपजीवी बुरशीचा वापर शेणखतातून करण्याची शिफारस केली जाते. ही बुरशी अळीच्या शरीरात वाढून तिला मारते आणि मेलेल्या अळीवर हिरवट थर दिसतो.

ओळख पटवण्याची रीत संथ असते. अळी हाती आली तर तिच्या शेवटच्या उदरखंडाच्या खालच्या बाजूवर असलेल्या बारीक केसांची मांडणी, जिला रास्टर म्हणतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ते केस एका ओळीत आहेत, दोन समांतर ओळींत आहेत की नुसतेच विखुरलेले आहेत, यावरून प्रजातीचा अंदाज बांधता येतो. प्रौढ भुंगेऱ्यांत रंग आणि आकार बऱ्याचदा दगा देतात, म्हणून वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करून नराचे जननेंद्रिय सुईने अलगद बाहेर काढून तपासावे लागते, कारण जातीगणिक त्याची घडण वेगळी असते. शेणखताच्या खड्ड्यातल्या पांढऱ्या अळ्या पाहून शेतकरी घाबरतो, परंतु त्यांतील पुष्कळशा केवळ कुजलेला पालापाचोळा खाणाऱ्या असतात आणि काही गेंड्या भुंग्याच्या असतात, ज्यांचा धोका उसाला नसून नारळाला असतो. हा फरक सांगू शकणारा माणूस तालुक्यात असला तर शेतकऱ्याचा औषधावरचा नाहक खर्च वाचतो.

नमुना जतन करण्याची शिस्तही याच कौशल्याचा भाग आहे. भुंगेऱ्याला टाचणी नेहमी उजव्या कवची पंखातून टोचतात, म्हणजे मधली रेषा आणि डावी बाजू अभ्यासासाठी शाबूत राहते. अगदी लहान नमुने त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवतात. आणि टाचणीला खाली जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडावर किंवा पिकावर सापडला आणि कोणी गोळा केला, एवढे असल्याशिवाय त्या नमुन्याला शास्त्रीय किंमत नसते. सुंदर पण चिठ्ठी नसलेल्या भुंगेऱ्यापेक्षा पाय मोडलेला पण चिठ्ठी असलेला भुंगेरा अधिक मोलाचा, हे नव्या विद्यार्थ्यांना सहजी पटत नाही.

ओळखीनंतर येते मोजणी. १९५९ मध्ये अमेरिकेतील स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही कल्पना आजच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया आहे : किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाइतके होईल अशी संख्या काढायची आणि कीड त्या संख्येपर्यंत पोहोचण्याच्या थोडे आधी उपाय करायचा, त्यापूर्वी नव्हे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधासारख्या रसायनाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन दिवस दररोज सरासरी ८ पतंग सापडले की उपाय योजावा, असा निकष कृषी विभागाच्या सल्ल्यांत असतो. हा आकडा साधा दिसतो, पण तो ठरवण्यामागे अनेक हंगामांच्या नोंदी असतात. सोयाबीनवर २००८ च्या हंगामात आलेल्या अळीच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात २००९ मध्ये ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला, ज्यात सर्वेक्षक ठरावीक शेतांत नियमित मोजणी करतात आणि त्या आकड्यांवरून कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्रज्ञ सल्ला देतात. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे प्राण घेतले. चुकीच्या वेळी, चुकीच्या मिश्रणाने आणि संरक्षक साधनांविना केलेल्या फवारणीची किंमत काय असते, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे.

सर्वच काम किडी मारण्याचे नसते. काही वेळा कीटक आणून सोडायचे असतात. गाजर गवताचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा १९८३ मध्ये आणला गेला आणि चाचण्यांनंतर बंगळुरू परिसरात सोडण्यात आला. आज पावसाळ्यात महाराष्ट्रातही रस्त्याकडेच्या गाजर गवताच्या पानांवर त्याच्या अळ्या व प्रौढ दिसतात. पुढे तो सूर्यफुलावर आढळल्याच्या तक्रारी आल्या, वाद झाला आणि सरकारला तपासणी करावी लागली. परदेशी मित्रकीटक आणणे हे जबाबदारीचे काम आहे, ते यावरून कळते. २००८ मध्ये कोइम्बतूर भागात सापडलेल्या पपईवरील पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आणली गेली आणि ती चांगलीच यशस्वी ठरली. अशा आयातीचे व संगोपनाचे काम बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था करते.

बंदरे आणि विमानतळ हे या नोकरीचे आणखी एक ठिकाण असून विद्यार्थ्यांना त्याची माहिती फारच कमी असते. आयात-निर्यात होणाऱ्या शेतमालाची तपासणी करून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र देणे किंवा माल अडवणे हे वनस्पती विलगीकरण केंद्राचे, म्हणजे क्वारंटाइनचे काम आहे. मुंबईत असे प्रादेशिक केंद्र असून २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार ते चालते. येथे नजर तीक्ष्ण लागते. खापरा भुंगेऱ्याची केसाळ अळी अन्न न मिळताही दीर्घकाळ गोदामाच्या फटीत सुप्त राहू शकते, म्हणून अनेक देश या एका भुंगेऱ्यासाठी संपूर्ण माल परत पाठवतात. कोकणातील हापूसच्या कोयीत दडलेला कोयीचा भुंगा बाहेरून दिसत नाही. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते अशा किडींचा धोका टाळण्यासाठी विकिरण प्रक्रियेची अट घालूनच, आणि त्यासाठी लासलगावचे केंद्र उपयोगी पडले. युरोपीय संघाने २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणावरून हापूसवर घातलेली बंदी पुढच्या वर्षी उठली, ती तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर.

आता शिक्षणाची वाट. सर्वांत सरळ मार्ग कृषी पदवीचा आहे : बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी), त्यानंतर कीटकशास्त्रात एम.एस्सी. (कृषी) आणि संशोधनाची आवड असल्यास पीएच.डी. राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार कृषी विद्यापीठे आहेत. पदव्युत्तर प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून होतात, तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून दिल्लीच्या पुसा संस्थेसह बाहेरच्या राज्यांत जाता येते. ज्याला शक्य असेल त्याने पदवी एका ठिकाणी आणि पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या ठिकाणी करावे, कारण किडी, पिके आणि शिकवणारे डोळे तिन्ही बदलतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी निराश होण्याचे कारण नाही : कीटकशास्त्र हा विशेष विषय घेऊन केलेली एम.एस्सी. काही केंद्रीय पदांना चालते, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, जी १९१६ मध्ये स्थापन झाली आणि जिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, तिथे वर्गीकरणशास्त्राच्या अभ्यासकाला घरचे वातावरण मिळते.

भरतीच्या दारांत सर्वांत प्रतिष्ठेचे दार कृषी संशोधन सेवेचे आहे. कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेऊन शास्त्रज्ञ निवडते. निवड झाल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत प्रशिक्षण होते आणि मग देशात कोठेही नेमणूक होऊ शकते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र किंवा कासरगोडची लागवडी पिकांची संस्था अशा ठिकाणी भुंगेरे व अळ्यांवर काम चालते. सातव्या वेतन आयोगानुसार शास्त्रज्ञाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. याच मंडळाची नेट परीक्षा राज्य कृषी विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी लागते, आणि कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञाचे पदही विचारात घेण्याजोगे आहे, कारण तेथे शेतकरी रोज समोर असतो. वनस्पती संरक्षण संचालनालयातील वनस्पती संरक्षण अधिकाऱ्यासारखी पदे केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत आणि खालची काही पदे कर्मचारी निवड आयोगामार्फत भरली जातात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेतून मिळणारे पद मात्र प्रामुख्याने प्रशासनाचे असते. तेथे कीटकशास्त्राचे ज्ञान उपयोगी पडते, पण भिंग हाती राहील याची खात्री नसते. जंगलातील भुंगेऱ्यांत रस असणाऱ्याने देहरादूनच्या वन संशोधन संस्थेकडे, डासांत रस असणाऱ्याने आरोग्य विभागाकडे आणि महापालिकांच्या कीटकनाशक विभागांकडे पाहावे. वयोमर्यादा, पात्रता आणि जागांची संख्या वर्षागणिक बदलते, म्हणून जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर न विसंबता मूळ जाहिरात वाचावी.

अडचणीही स्पष्ट सांगायला हव्यात. जागा दरवर्षी निघत नाहीत. मधल्या काळात प्रकल्पांवर कनिष्ठ संशोधन सहयोगी किंवा ‘यंग प्रोफेशनल’ म्हणून कंत्राटी काम करावे लागते, ज्यात अनुभव मिळतो पण स्थैर्य नसते. कीटक कार्यालयीन वेळ पाळत नाहीत, त्यामुळे भर पावसात रात्री सापळे तपासणे आणि रविवारी अळ्यांना पाला घालणे हे नोकरीच्या पहिल्या वर्षांत ठरलेलेच असते, आणि घरच्यांना त्याची आधीच कल्पना दिलेली बरी. आणखी एक गोष्ट खटकणारी आहे : बढतीच्या गणितात शोधनिबंधांना जेवढे गुण मिळतात तेवढे कीटक संग्रह सांभाळण्याला मिळत नाहीत, म्हणून वर्गीकरणशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी कमी झाले आहेत, आणि एखाद्या गटातील नमुने ओळखून देणारा देशात एखादाच तज्ज्ञ उरला आहे, अशी स्थिती काही गटांत आली आहे. शिवमोग्ग्याजवळ २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम सापडली. ती नेहमीच्या लष्करी अळ्यांपेक्षा वेगळी आहे, हे वेळीच ओळखणारे अभ्यासक तेथे होते. नव्या परकीय किडी येतच राहणार आहेत, तेव्हा ज्याला ओळखता येते त्याची गरज कमी होण्याची शक्यता दिसत नाही, आणि हुशार विद्यार्थ्याने गर्दीच्या विषयाऐवजी भुंगेऱ्यांचे एखादे कुळ धरून बसणे हा व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा निर्णय ठरेल.

तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करता येते. वसतिगृहाच्या भिंतीवर पांढरे कापड आणि एक दिवा लावून पावसाळ्याच्या रात्री कोणते कीटक येतात याची तारीखवार वही ठेवावी. एकाच पिकावरच्या किडी अंड्यापासून प्रौढापर्यंत बरणीत वाढवून पाहाव्यात, कारण पुस्तकात प्रौढाचे चित्र असते आणि शेतात बहुधा अळी भेटते. मोबाइलवर छायाचित्र घेतले तरी नमुना चिठ्ठीसह जपावा. जंगल किंवा अभयारण्यातून नमुने घ्यायचे असल्यास वनविभागाची परवानगी घ्यावी. संख्याशास्त्र टाळू नये. शास्त्रीय नावे उच्चारासह पाठ असावीत, तसेच त्या त्या भागातील किडींची बोलीतील नावेही माहीत असावीत, कारण आंब्याच्या खोडकिड्याला शेतकरी बांधावर ‘भिरूड’ म्हणतो, ‘बॅटोसेरा’ नव्हे. लेखी परीक्षेच्या तयारीइतकाच वेळ सोप्या मराठीत सल्ला लिहिण्याला द्यावा. शेतकऱ्याला एका वाचनात न समजणारा सल्ला कितीही अचूक असला तरी वाया जातो.

पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठ निवडताना केवळ नाव किंवा घरापासूनचे अंतर पाहू नये. अर्ज भरण्यापूर्वी त्या कीटकशास्त्र विभागात प्रत्यक्ष जाऊन संग्रहाच्या पेट्या उघडून दाखवण्याची विनंती करावी, टाचण्यांवरच्या चिठ्ठ्या अलीकडच्या वर्षांच्या आहेत का ते पाहावे आणि मार्गदर्शक म्हणून लाभणारे प्राध्यापक पावसाळ्यात शेतावर जातात का, हे तिथल्याच वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे.